पाय पाहून आंथरूण

आंथरूण पाहून पाय पसरावे, अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. मिळकतीच्या मर्यादेंत खर्च ठेवावा, हा तिचा अर्थ. आणि तो कोणत्याहि काळीं खराच आहे. परंतु आज तिचा भावार्थ क्षणभर बाजूस ठेवून तिच्या शब्दार्थाविषयींच मला चार शब्द बोलावयाचे आहेत. आंथरूण आधींच तयार आहे आणि पायांनीं त्याप्रमाणें आंखडून घ्यावयाचें आहे, असें ही म्हण गृहीत धरते. ज्या घरीं आंथरूण अजून शिवावयाचें आहे, तेथें मात्र हा क्रम उलटा हवा. तेथें पाय पाहून आंथरूण शिवलें पाहिजे. गाद्या, उशा, लोड, तक्के, अभ्रे, सतरंज्या, खिडक्यांचे पडदे आणि बैठकीवरील खोळी, या घरांतल्या सर्व मऊ सामानाला हाच नियम लागू आहे. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर तो पाळला म्हणजे काय साधतें आणि मोडला म्हणजे काय भोगावें लागतें, हा आजच्या भाषणाचा विषय.

प्रारंभींच सांगून टाकतों कीं, मी शिंपी नव्हे आणि गृहशोभेचें शास्त्र शिकलेला पदवीधरहि नव्हे. मॅट्रिक झाल्यावर शिक्षकाची नोकरी धरली आणि सारा जन्म खेड्यापाड्यांतल्या शाळांत मराठी व अंकगणित शिकविण्यांत गेला. पटावरच्या मुलांच्या निमित्तानें मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या कितीतरी घरांच्या ओट्या मीं झिजविल्या. कोळीवाड्यांतल्या एका खोलीच्या घरांत बसलों, तसाच नारळी-पोफळीच्या वाड्यांतल्या ऐसपैस घरांतहि बसलों. ज्याला दुसऱ्याच्या घरीं बसावें लागतें त्याला बैठकीचे गुणदोष लौकर कळतात. तेवढाच माझा अधिकार.

हा किनारा ज्यांनीं सुटीच्या दिवशींच पाहिला असेल त्यांच्या ध्यानांत निळें पाणी आणि सुरूचीं बनें राहतात. बारा महिने राहणाऱ्याच्या ध्यानांत राहते ती येथील हवा. १९८१ सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस या जिल्ह्याचें कुलाबा हें नांव बदलून रायगड झालें. हवा मात्र बदलली नाहीं. अलिबागेस वर्षाकांठीं ऐंशी इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत हवेंतील आर्द्रता बहुधा शेंकडा ८० च्या वरच असते. मीठ सादळतें, काड्यांची पेटी सादळते, पापड सादळतात; मग रात्रंदिवस उघड्या असलेल्या गाद्या-उशा तेवढ्या कोरड्या राहतील, अशी अपेक्षा कोणत्या न्यायानें करावी? त्यांत समुद्राच्या वाऱ्याबरोबर बारीक क्षार येतात, आणि ते हवेंतला ओलावा ओढून घेतात. म्हणून खाऱ्या वाऱ्यावर वाळलेलें कापड दिसावयास कोरडें दिसलें, तरी हाताला चिकट लागतें.

आमच्या पूर्वजांनीं ही हवा ओळखली होती. जुन्या घराची रचना आठवून पाहा. पुढें पडवी, मग ओटी, ओटीवर झोपाळा, आंत माजघर, त्यापलीकडे स्वयंपाकघर आणि वर माळा. खिडक्या लहान, त्यांना लांकडी गज. आणि छपराच्या वळचणी इतक्या खालीं उतरलेल्या कीं, उन्हाला व पावसाला आंत यावयाचें तर वांकूनच यावें लागे. अशा घराला पडद्याची गरजच थोडी, कारण पडद्याचें काम वळचणीनें केलेलें असे. आंथरुणें सकाळीं उठल्याबरोबर गुंडाळून ठेवीत. पावसाळ्यांत जीं नको असत तीं माळ्यावर जात. तेथें खालच्या चुलीची ऊब आणि धूर पोंचे, त्यामुळें तीं सर्द होत नसत. वैशाखांत घरांतली प्रत्येक गादी, गोधडी आणि लोड अंगणांत काढून कडकडीत उन्हांत तापवीत. पापड-कुरडयांच्या वाळवणाइतकेंच हेंहि एक वाळवण होतें.

त्या काळच्या गोधडीकडे आपण आतां कौतुकानें पाहतों, परंतु तिच्यांतली योजना पाहत नाहीं. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे पांच-सहा पदर एकावर एक घालून त्यांवर जवळ जवळ धांवदोरा घातला कीं गोधडी झाली. पदर पातळ, म्हणून ती धुतां येते, पिळतां येते आणि दिवसभराच्या उन्हांत वाळते. टांके जवळ, म्हणून आंतले पदर गोळा होत नाहींत. कापड जुनें, म्हणून तें अंगाला मऊ लागतें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, शिवणारीला आपण कोणासाठीं शिवतों हें ठाऊक असे. तान्ह्या बाळाचें दुपटें अगदीं जीर्ण झालेल्या मऊ कापडाचें. होडीवर रात्र काढणाऱ्या पोराची गोधडी आंखूड आणि चिवट. थंडी सोसत नाहीं अशा आजोबांची दोन पदर अधिक घातलेली. गिऱ्हाईक आणि कारागीर एकाच चुलीवर जेवत होतीं, म्हणून माप चुकत नव्हतें.

घरांत कापड थोडें होतें, तें या मुलखांत कापडाचा दुष्काळ होता म्हणून नव्हे. आमचें चौल हें फार प्राचीन बंदर. १५२१ सालीं पोर्तुगीजांनीं तेथें, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, किल्ला बांधावयास घेतला, आणि १७४० सालीं तें ठाणें मराठ्यांकडे आलें. १५८३ ते १५८८ या काळांत गोव्यास राहिलेला लिन्स्कोटेन नांवाचा डच गृहस्थ १५९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत चौलच्या रेशमी विणकामाचा उल्लेख करतो. शिवणकामाच्या आपल्या बोलींत त्या व्यापाराच्या खुणा अजून आहेत. इस्त्री, काज, फीत, टुवाल हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. पडदा आणि तक्क्या हे फारशींतून आले. अशा रीतीनें दारीं रेशीम विणलें जात असतां घरांत गोधडी आंथरली जाई. यांत दारिद्र्याचा भाग होता, तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्याच्या घरीं दारिद्र्य नव्हतें, त्याच्याहि ओटीवर पांढऱ्या खोळीची गादी आणि दोन लोड एवढाच थाट असे. आणि ती खोळ दर आठवड्यास काढून धुतां येई. त्यांत हवेचें ज्ञान होतें.

आतां घरें बदललीं. कौलांच्या जागीं सिमेंटची गच्ची आली, लहान खिडकीच्या जागीं भिंतभर कांच आली आणि वळचण नाहींशी झाली. मार्च २०२० मध्यें मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी आणणारी बोट सुरू झाली; १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणाऱ्या सुमारें २२ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचें उद्घाटन झालें. मुंबईची मंडळी येथें विश्रांतीसाठीं घरें बांधूं लागली, आणि गांवकऱ्यांनीं पाहुण्यांकरितां खोल्या काढल्या. यांत वाईट कांहीं नाहीं. चार हातांना काम मिळालें. परंतु घरांबरोबर घरांचीं वस्त्रेंहि चित्रें पाहून ठरूं लागलीं. चित्रांत घाम दिसत नाहीं, कुबट वास येत नाहीं, आणि गुडघे धरलेली आजी चित्रांतल्या सोफ्यावर कधींच बसलेली नसते.

नागांवच्या बाजूस असलेल्या एका बंगल्याची गोष्ट सांगतों. धन्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्यानें हौसेनें मखमली सोफे केले, जमिनीवर लोळणारे दुहेरी पडदे लावले, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा पसरला आणि पलंगांवर हातभर जाडीच्या फोमच्या गाद्या घातल्या. कारागीर कसबी होते. कामांत खोट काढावयास जागा नव्हती. जूनमध्यें घर बंद झालें तें गणपतीला उघडलें. दार उघडतांच आलेल्या वासानें मंडळी दोन पावलें मागें सरली. सोफ्यांवर करडी बुरशी, गालिच्याच्या कांठाला ओल, आणि पडद्यांच्या वरच्या दुमडींत लोखंडी कड्यांच्या गंजाचे तांबूस डाग. सगळें सामान दुसऱ्या वर्षीं बदलावें लागलें. येथें रुचीचा दोष नव्हता, पैशाची कसर नव्हती. एकच प्रश्न विचारावयाचा राहिला होता: हें घर पावसाळ्यांत उघडें राहणार कीं बंद?

असे प्रश्न विचारणारा एक वृद्ध गादीवाला मला पूर्वीं रेवदंड्याकडे भेटत असे. खांद्यावर धनुकली घेऊन तो गांवोगांव कापूस पिंजावयास जाई. गादी करावयाची आहे असें म्हटलें कीं तो आधीं भाव सांगत नसे, आणि मापाची फीतहि काढीत नसे. ओटीवर बसून पाणी मागे, आणि मग विचारपूस सुरू करी: निजणार कोण? पाठीचें दुखणें आहे काय? खोली कोणत्या बाजूला? मूल शेजारीं निजतें काय? पुष्कळांना ती चौकशी भोचकपणाची वाटे. वस्तुतः तेंच त्याचें खरें माप घेणें होतें; फीत केवळ लांबी-रुंदी सांगते. त्याच्या त्या चौकशीचे मी पांच प्रश्न करतों. परंतु उत्तरें उपयोगी पडावयाचीं तर कापडाचा स्वभाव थोडा ठाऊक हवा. म्हणून आधीं एक छोटासा पाठ घेऊं.

प्रत्येक धाग्याची तहान निराळी असते. प्रयोगशाळेंतील प्रमाणभूत हवेंत कापसाचा धागा आपल्या कोरड्या वजनाच्या शेंकडा सुमारें ८ भाग पाणी धरतो, लोंकर सुमारें १६ भाग धरते, आणि पॉलिएस्टर अर्धा भागहि धरीत नाहीं. यावरून दोन गोष्टी निघतात. जें कापड अंगाशीं येतें, म्हणजे चादर, अभ्रा, गादीची खोळ, तें कापसाचेंच असावें. तें घाम टिपून घेतें. जें कापड खिडकीशीं लटकावयाचें आहे, त्यांत पॉलिएस्टरची मिसळ असली तर तें लौकर वाळतें आणि त्याला बुरशीहि कमी धरते. मात्र देव्हाऱ्यातील समईजवळ आणि स्वयंपाकघरांत पॉलिएस्टरचा पडदा कधींहि नसावा. तो पेटला असतां वितळून अंगाला चिकटतो.

गादीच्या पोटांतल्या मालाचेंहि असेंच आहे. कापूस आधार देतो, पण ओलावा धरतो आणि कांहीं काळानें दबून बसतो. मात्र उसवून, पिंजून पुन्हां भरला कीं नव्यासारखा होतो, हा त्याचा मोठा गुण. सांवरीचा कापूस अत्यंत हलका असतो आणि त्याच्या तंतूवर मेणासारखा लेप असल्यामुळें तो पाणी सहसा शोषीत नाहीं. उशीला तो उत्तम, परंतु त्याचे तंतु ठिसूळ असल्यानें तो वारंवार पिंजतां येत नाहीं. नारळाच्या काथ्याची गादी कठीण असते, पण तिच्या आंतून वारा खेळतो, आणि ती तर आमच्या वाडींतलीच वस्तु. फोम मऊ व सोयीचा खरा, परंतु तो जाड असला म्हणजे आंत शिरलेलें पाणी लौकर बाहेर येत नाहीं, आणि वाळविण्यासाठीं कडक उन्हांत वरचेवर टाकला तर पिवळा पडून त्याचा भुगा होऊं लागतो.

या सर्व मालाची परीक्षा आमच्याकडे एका दिवसांत झाली. ३ जून २०२० रोजीं दुपारीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. मुरूड-श्रीवर्धनकडे घरांवरचीं कौलें आणि पत्रे उडाले, वाड्या आडव्या झाल्या, आणि कांहीं गांवांत कित्येक आठवडे वीज नव्हती. ज्या घरांचें छप्पर गेलें त्यांचें सारें आंथरूण-पांघरूण भिजलें. त्यानंतरच्या उघडिपींत काय वाळलें आणि काय फेंकून द्यावें लागलें, हें मीं पाहिलें. गोधड्या आणि सतरंज्या दोरीवर टाकल्या तशा वाळल्या. कापसाच्या गाद्या ज्यांनीं उसवून माल पसरला त्यांच्या कांहीं वांचल्या. जाड फोमच्या गाद्या बाहेरून कोरड्या दिसत, पण हातानें दाबल्या कीं पाणी येई. त्या अखेर रस्त्याच्या कडेला जाऊन पडल्या. संकटाच्या रात्रीं घराजवळ कोरडें पांघरूण असणें ही शोभेची बाब नव्हे.

आतां त्या प्रश्नांकडे वळूं. पहिला प्रश्न: हें कोण वापरणार? वृद्धांसाठीं बैठक करावयाची असेल तर तिची उंची बसणाऱ्याच्या गुडघ्याइतकी, म्हणजे साधारणपणें १७-१८ इंच असावी, आणि गादी घट्ट असावी. खोल रुतणारा सोफा तरुणाला सुखाचा वाटतो. गुडघे दुखणाऱ्याला मात्र त्यांतून उठावयास दुसऱ्याचा हात लागतो, आणि हात मागावा लागूं नये म्हणून म्हातारीं माणसें तेथें बसावयाचेंच टाळतात. गुळगुळीत फरशीवरची सुटी सतरंजी त्यांच्या पायांखालून केव्हां सरकेल याचा नेम नसतो. ती काढून टाकावी.

घरांत दम्याचें मूल असेल तर गालिचे, जड पडदे आणि शोभेच्या दहा उशा यांना रजा द्यावी. गादीच्या धुळींत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे वाढतात, त्यांना दमट हवा फार मानवते, आणि त्यांच्या विष्ठेनें पुष्कळांचा दमा बळावतो. घट्ट विणीची, पूर्ण झांकणारी खोळ, आणि दर आठवड्यास ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यांत धुतलेल्या चादरी व अभ्रे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. तो औषधाची जागा घेत नाहीं, पण औषधाला साह्य करतो.

घरांत कोणी अंथरुणाला खिळलेलें असेल तर चादर गादीपेक्षां पुरेशी मोठी हवी, म्हणजे ती चारी बाजूंनीं ताणून खोंचतां येते. पाठीखालची एक वळीहि त्या नाजुक कातडीला सहन होत नाहीं. गादीवर पाणी न जाऊं देणारें कापड, त्यावर सहज बदलतां येईल असा सुती पट्टा, आणि दर दोन तासांनीं कूस बदलणारें माणूस, या तीन गोष्टी हव्यात. पैकीं तिसरी कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. पहिल्या दोन नीट असल्या तर तिचे श्रम तेवढे कमी होतात.

दुसरा प्रश्न: ऊन आणि वारा कोणीकडून येतात? आमचा समुद्र पश्चिमेस. तिसऱ्या प्रहराचें ऊन पाण्यावरून तिरपें आंत येतें आणि दोन उन्हाळ्यांत गडद रंगाचा पडदा फिका करून टाकतें. अशा खिडकीला फिका रंग घ्यावा, आणि मागून मांजरपाटाचें अस्तर लावावें. ऊन अस्तर खाईल, पडदा वांचेल, आणि अस्तर बदलणें स्वस्त पडतें. कोरड्या मुलखांत चार फूट खिडकीला आठ ते दहा फूट कापड घेऊन दाट चुण्या घालतात. येथें सहा फूट पुरे, कारण दाट चुणींत ओल राहते. पडदा जमिनीपासून चार बोटें वर असावा, म्हणजे फरशी पुसतांना भिजत नाहीं. कापड बेतण्यापूर्वीं एकदां भिजवून वाळवावें, आणि खालची दुमड रुंद ठेवावी. पहिल्या धुण्यांत सुती कापड आटतें. लोखंडी कड्यांच्या ऐवजीं पितळी कड्या किंवा कापडाचींच बिरडीं करावीं, आणि कांब लांकडी असावी. खारा वारा लोखंडाला सोडीत नाहीं, आणि गंजाचा डाग कापडाला सोडीत नाहीं.

तिसरा प्रश्न: ही खोली दिवसा काय करते आणि रात्रीं काय करते? ज्याच्या घरीं दहा खोल्या आहेत त्याला हा प्रश्न नाहीं. परंतु थळच्या किंवा वरसोलीच्या कोळीवाड्यांतली एकच खोली सकाळीं स्वयंपाकघर, दुपारीं जाळें विणण्याची जागा, संध्याकाळीं मुलांची अभ्यासिका आणि रात्रीं पांच माणसांची निजण्याची खोली असते. तेथें पलंग म्हणजे अडगळ. अशा एका घरांतील बाईनें केलेली युक्ति मला फार आवडली. तिनें जाड सुती कापडाच्या लांब, गोल, नाडी असलेल्या दोन पिशव्या शिवल्या. सकाळीं गोधड्या आणि चादरी घट्ट गुंडाळून त्यांत भरावयाच्या आणि नाडी ओढावयाची, कीं भिंतीला टेकावयास दोन लोड तयार. रात्रीं नाडी सोडली कीं आंथरूण तयार. आंथरूण झांकलेलें राहिलें, बैठक मिळाली, माळ्याचा भार कमी झाला. खर्च कापडाचा आणि नाडीचा. गृहशोभेच्या ग्रंथांतून ज्याला योजना म्हणतात ती याहून निराळी कांहीं असेल, असें मला वाटत नाहीं.

चौथा प्रश्न, जो बहुतेक कोणी विचारीत नाहीं: हें धुणार कोण, आणि वाळवणार कोठें? पांढरी शुभ्र झालरीची चादर यजमान पसंत करतात. ती पिळतांना मनगटें दुखतात सुनेचीं किंवा मोलकरणीचीं. पाहुण्यांसाठीं खोल्या देणाऱ्या काशीद-दिवेआगरकडच्या घरांत हा प्रश्न रोजच्या भाकरीचा आहे, कारण पाहुण्यांबरोबर वाळू घरांत येते. खरखरीत, उठावाच्या विणीच्या पलंगपोसांत वाळू अडकून बसते. गुळगुळीत घट्ट विणीच्या चादरीवरून ती झटकली कीं पडते. प्रत्येक बैठकीची खोळ काढतां येईल अशीच शिवावी, आणि जाड एका खोळीपेक्षां पातळ दोन शिवाव्या, म्हणजे एक दोरीवर असतां दुसरी वापरांत राहते. पावसाळ्यांत जें वाळवितां येणार नाहीं, तें त्या घरासाठीं नाहींच, असें समजावें. बंद राहणाऱ्या घरांत तर पावसापूर्वीं सर्व आंथरूण उन्हांत तापवून, उन्हांतून आणल्यावर निववून, घट्ट झांकणाच्या पेटींत ठेवावें आणि बैठका उघड्या वेताच्या राहूं द्याव्या.

पांचवा प्रश्न खर्चाचा. येथें आपली म्हण आपल्या मूळ अर्थानें परत येते, आणि तिला मान दिलाच पाहिजे. मात्र हिशेब किंमतीचा न करतां वर्षांचा करावा. तीन वर्षांत टाकून द्यावी लागणारी गादी आणि दर दोन-तीन वर्षांनीं पिंजून वीस वर्षें वापरतां येणारी गादी, यांच्या किंमतींची तुलना दुकानांतल्या चिठ्ठीवरून होत नाहीं. तीं गणितें मुलांना घातलीं असतां त्यांनाहि सुटतात. पिंजाऱ्याची धनुकली आतां क्वचितच ऐकूं येते. परंतु तालुक्याच्या गांवीं पिंजण्याचें यंत्र असलेलें एखादें दुकान अजून मिळतें, आणि गल्लींतला शिंपी तर प्रत्येक गांवीं आहे. तयार मालाच्या भावाशीं त्याची तुलना करून त्याला घासाघीस करीत बसूं नये. आपल्या खिडकीचें माप त्या तयार मालाला ठाऊक नसतें.

आतां गिऱ्हाईकाच्या कर्तव्याविषयीं एक शब्द. कारागिरानें विचारावें हें खरें, परंतु विचारल्यावर आपण खरें सांगतों काय? घरांत कोणी रात्रीं आंथरूण ओलें करतें, कोणाला उठतांना आधार लागतो, कोणाची पाठ सोलली आहे, हें सांगावयास आपल्याला संकोच वाटतो. मग आपण दिवाणखान्यासाठीं कापड मागतों, म्हणजे वर्षांतून चार वेळां येणाऱ्या पाहुण्यांच्या डोळ्यांसाठीं मागतों, आणि मागच्या खोलींत बारा महिने पडून असलेलें माणूस फाटक्या, वळ्या पडलेल्या चादरीवर राहतें. हा प्रकार मीं गरिबाच्या घरीं पाहिला, तसाच सुखवस्तु घरींहि पाहिला. त्याचें कारण दारिद्र्य नव्हे. त्या माणसाला कोणी विचारलेंच नव्हतें. घरांत ज्याचा आवाज सर्वांत क्षीण आहे त्याच्यापासून मापाला आरंभ करावा. त्याला सुखाची होईल अशी गादी इतरांना सहसा दुःखाची होत नाहीं; उलट पाहुण्यांसाठीं निवडलेली बैठक घरच्या कोणालाच सोयीची नसते, याचीं उदाहरणें आपल्या ओळखींत आपल्याला सांपडतील.

तेव्हां श्रोतेहो, यंदा घरांत पडदा, गादी किंवा साधी उशी जरी नवी करावयाची निघाली, तरी दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं एकदां घरांतून फिरून या. ऊन कोठवर येतें तें पाहा, भिंतीला हात लावून ओल कोठें आहे तें पाहा, धुण्याची दोरी किती लांब आहे तें पाहा. आणि ज्याच्यासाठीं शिवावयाचें आहे त्याच्याजवळ घटकाभर बसून त्याला विचारा. एवढें झालें कीं कापडाचा रंग तुम्ही कोणताहि घ्या.